परतीचं ऊन

१२ मार्च

चि. धाकट्या,

आशीर्वाद आहेतच. आपल्या घरात ते मागावे लागत नाहीत आणि दिले की परत घेता येत नाहीत, नाहीतर गेल्या महिन्यात मी घेतले असते.

पत्र बघून दचकू नकोस. फोन तू उचलत नाहीस, आणि तुझ्या कार्यालयात आलो तर खालचा पहारेकरी मला माल उतरवायच्या दाराकडे बोट दाखवतो. म्हटलं, कागदाला कोण अडवतंय.

आधी अभिनंदन, ते राहूनच गेलं होतं. तू आखलेली इमारत झकास झाली आहे. स्वतःची वीज स्वतः करणारी, धूर नाही, आवाज नाही, वरपासून खालपर्यंत काच. उद्घाटनाला तू मला दंडाला धरून मालकांपुढे नेलंस आणि म्हणालास, "हे आमचे काचवाले." मालकांनी कौतुकाने विचारलं, "म्हणजे ही काच यांचीच?" तर तू हसून म्हणालास, "छे छे! ही बाहेरून आली, जहाजाने."

मी पण हसलो. हसणं हा माझ्या धंद्याचा भाग आहे. गिऱ्हाईक काच फोडतं तेव्हाही आधी मी हसतो, मग किंमत सांगतो. आणि तू खोटं काय बोललास? डोक्यावर तावदानं घेऊन दारोदार हिंडलो, आज कोपऱ्यावर दुकान आहे, मागे गोदाम आहे. काचवाला तर काचवाला. फक्त ‘भाऊ’ म्हणायला त्याहून कमी दम लागला असता, एवढंच मनात आलं.

असो. पत्राचं कारण वेगळं आहे. आपल्या गल्लीत आजकाल सूर्य दोनदा उगवतो.

चेष्टा नाही. सकाळी उगवतो तो सगळ्या जगाचा. दुसरा दुपारी जेवणं झाली की उगवतो, तोही पूर्वेकडूनच, तुझ्या इमारतीतून. आपल्या खोलीची खिडकी पूर्वेला, हे तुला सांगायला नको. त्याच खिडकीत बसून तू पाढे पाठ केलेस. दुपारनंतर तिथे गार सावली असायची, म्हणून तर ताई काजं-बटणांचं काम दुपारी घेऊन बसायची. आता पश्चिमेचं ऊन तुझ्या काचेवर आपटून थेट तिच्या पाटावर येतं. खिडकी उघडी ठेवावी तर भाजतं, लावावी तर उकडतं. मी म्हटलं, "ताई, माझ्या घरी चल." तर म्हणते, "तुझ्या घरी ही खिडकी आहे का?"

तिने तुला काही कळवू नको म्हणून सांगितलंय. "बांधलंय त्याने हौसेने, उगाच मिठाचा खडा कशाला टाकायचा." पण तूच विचार कर. लहानपणी तुझे डोळे उन्हात पाणी गाळायचे. शाळेपर्यंत ती तळहाताची झडप तुझ्या कपाळावर धरून चालायची, लोक हसायचे. एवढी मोठी इमारत बांधताना तो हात एकदाही आठवला नाही?

उपाय सोपा आहे. पश्चिमेच्या अंगाला काचेबाहेर आडव्या पट्ट्या बसव, पाहिजे तर जाळी. तू शिकलेला आहेस, तुला सुचेल. खर्च मालकांचा. पुढचे दोन महिने कडक उन्हाचे आहेत, म्हणून आताच सांगतो.

तुझा,
दादा


२ एप्रिल

धाकटे साहेब,

तुमचं उत्तर मिळालं. म्हणजे तुमचं नाही, तुमच्या कार्यालयाचं. "आपण सुचवलेल्या मुद्द्याची नोंद घेण्यात आली आहे. आपल्या पर्यावरणस्नेही वाटचालीत सहभागी झाल्याबद्दल आभार." खाली एका हिरव्या पानाचं चित्र. ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघ, दखल घेतली की नाही? तुझाच जीव उतावळा."

जीव उतावळा, म्हणून मी नगर कार्यालयात गेलो. टेबलामागचे साहेब डबा खाऊन नुकतेच टेकले होते. मी म्हटलं, "साहेब, उजेडाची तक्रार आहे."

"दिव्यांचा विभाग खाली."

"दिव्याची नाही. सूर्याची."

त्यांनी एक डोळा उघडला. मी सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही; त्यांनी कपाट उघडून नियमांची पुस्तकं खरंच चाळली. धुराला नियम आहे, आवाजाला आहे, सांडपाण्याला आहे, कुत्र्याला आहे. शेवटी पुस्तक मिटून म्हणाले, "काका, काचेवर पडून परत आलेलं ऊन कुठल्याच नियमात बसत नाही. ज्याच्यावर पडलं त्याचं."

"लिहून देता का?"

"द्यायला काय, देतो." आणि दिलं. तो कागद मी दुकानात काचेखाली लावून ठेवलाय. मला कुठलाही तुकडा वाया घालवलेला चालत नाही.

परत येताना इस्त्रीवाल्याकडे थांबलो. तोच, ताईच्या शेजारचा. लहानपणी त्याच्या वडिलांच्या कोळशाच्या इस्त्रीत तू शेंगा भाजायला टाकायचास. आता कोळसा बंद. ‘निर्मळ हवा’ योजना आली, त्याच्या इस्त्रीच्या धुराने म्हणे शहर काळवंडत होतं. विजेची इस्त्री घेतली त्याने. पण आपल्या गल्लीतली तार अजून आजोबांच्या काळातली. त्याने इस्त्री लावली की ताईचा पंखा मान टाकतो. मी म्हटलं, "कसं चाललंय?"

"फार छान. सदरे बाहेर वाळत घातले की दुपारपर्यंत आपोआप कडक होतात. तुमच्या धाकट्याला म्हणावं, बाह्यांची घडी तेवढी घालायला शिकव तुझ्या इमारतीला."

पोटभर हसलो दोघं. मग तो हळूच म्हणाला, "ताई खिडकी लावून, दिवा लावून बसते. पंखा बंद ठेवते. मला इस्त्री करता यावी म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

तुमचे,
काचवाले


२१ एप्रिल

धाकट्या,

ताई परवा पडली.

इस्त्रीवाल्याने हाक मारली, मी दुकान तसंच टाकून धावलो. मांडीवर सदरा, सुई अर्ध्या काजात अडकलेली, डोळे उघडे, पण मला ओळखेना. अंग कोरडं ठणठणीत आणि तव्यासारखं. दवाखान्यात बर्फ लावला, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाल्या, उष्माघात. तो डोक्यात गेला. जीव वाचला आहे. बोलणं परत आलं आहे. उजवा हात आलेला नाही. म्हणजे आहे जागच्या जागी, पण थरथरतो. सुई धरवत नाही.

त्या हाताच्या काजांवर आपण दोघं मोठे झालो. हे वाक्य लिहून मी खोडणार होतो, कारण ते तुला लागावं म्हणून लिहिलंय हे तुझ्या लक्षात येईल. मग ठेवलं. येऊ दे.

तुझी टोपली पोचली. कुंडीतली पाच झाडं, त्यांत खोचलेलं कंपनीचं कार्ड, ‘हिरव्या शुभेच्छा’. तू आला नाहीस. ताईने माझ्याआधीच तुझी बाजू घेतली, "त्याला किती व्याप आहेत!" आणि डाव्या हाताने त्या झाडांना पाणी घालायला लागली. सवयीचा हात नाही, अर्धं पाणी जमिनीवर. मी पुसायला गेलो तर म्हणाली, "राहू दे, तेवढीच खोली गार होईल."

हे सगळं एक वेळ मी गिळलं असतं. भावाभावांत काय, आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण काल गल्लीच्या तोंडावर नोटीस लागली. ‘सदर वस्ती अतिउष्णतेमुळे निवासास अयोग्य आढळल्याने ती अन्यत्र हलवून तेथे हरित पट्टा करण्याचा प्रस्ताव आहे.’ कुठे हलवणार? जुन्या बॅटऱ्या फोडतात त्या कारखान्यांच्या मागे. तुमच्या निर्मळ गाड्यांच्या बॅटऱ्या कुठेतरी मरायच्याच. त्या मरतात तिथे आता आम्ही राहायचं. खाली प्रस्तावाचे सल्लागार म्हणून तुझं नाव, पदव्यांसकट.

मी दोनदा वाचलं. आधी तुम्ही आमची गल्ली भाजलीत. मग भाजली म्हणून अयोग्य ठरवलीत. आणि आता तिच्यावर बगीचा करणार, तोही कोणासाठी? तुझ्या खिडकीतून हिरवं दिसावं म्हणून. याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं तर चोर निदान बोंब मारतो. तू तर नकाशा काढलास.

ताईला नोटिशीतलं सगळं कळलंय. ती एवढंच म्हणाली, "मी या खोलीतून जाईन ती आडवी."

मी तुझ्यावर ओरडणार नाही. ओरडणारी माणसं लवकर दमतात. तुला माहीत आहे, काच कापताना मी जोर लावत नाही. हिऱ्याने एक बारीक रेघ ओढतो, मग दोन बोटांनी टिचकी मारतो. बाकीचं काम काच स्वतः करते.

धंद्याची खबर विचारशील तर सध्या जुने आरसे विकत घेतोय. मोडीत निघालेली कपाटं, बंद पडलेली व्यायामशाळा, दोन केशकर्तनालयं. कडा फुटलेले, कोपऱ्यात डाग पडलेले, सगळे चालतात. लोक विचारतात, "एवढ्या आरशांचं करणार काय?" मी सांगतो, "तोंड दाखवायचंय."

काचवाला


९ मे

मा. सल्लागार साहेब,

तुमच्या एका जुन्या पुस्तिकेबद्दल आभार मानायचे राहिले होते. ‘थंड छप्पर, सुखी घर’. तीन वर्षांपूर्वी तुम्हीच नगर कार्यालयासाठी लिहिलीत, गरीब वस्त्यांत फुकट वाटली होती. इस्त्रीवाल्याने तिच्यावर चहाचा डबा ठेवलेला होता, तो उचलून मी वाचली. भाषा सुरेख. ‘छपरावर चमकदार आवरण घाला. ऊन जितके परत जाईल, तितके घर थंड. वस्तीने एकत्र येऊन केल्यास उत्तम.’

वस्तीने एकत्र येऊन केलं. आपल्या गल्लीच्या एका बाजूच्या सगळ्या पत्र्यांवर आता आरसे आहेत.

कसे बसवले ते सांगतो, तुम्हाला रस असेल. पत्र्यांचा उतार तुमच्याच इमारतीकडे, हे बांधणाऱ्यांचे उपकार. तेव्हा आरसे जवळजवळ आडवेच टाकायचे, खाली लाकडाची पाचर घालून किंचित तुमच्याकडे झुकवायचे. मी गल्लीत उभा राहून हाताने खुणा करत होतो, इस्त्रीवाला वर पाचरी सरकवत होता. "अजून एक बोट! बस! ठोक!" प्रत्येक आरशाचा एक ठिपका तुमच्या भिंतीवर उठला, आणि ठिपक्याला ठिपका जोडत गेलो. रस्त्यावर एक कवडसा पडू दिला नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याशी माझं भांडण नाही. अगदी वरच्या मजल्यापासून सुरुवात होते आणि सूर्य जसा कलतो तसं सगळं ऊन मजला-मजला खाली उतरतं, लिफ्टसारखं. कोणाला वगळत नाही.

एक ठिपका मात्र कुठेतरी हुकला आहे. ऊन चौथ्या मजल्यावर आलं की मधोमध एक खिडकी काळी राहते. माझा नेम आजवर चुकला नव्हता. शोधतो आहे.

ताईची खोली? पहिल्याच दिवशी फरक पडला. पत्रा आता हात लावून बघता येतो. तुमच्या काचेवरून येणारं ऊन अजून खिडकीतून येतंच, पण वरून भाजायचं निम्मं झालं. पुस्तिका अगदी खरी आहे हो. लिहिणाऱ्याने स्वतः वाचली नसावी, एवढंच.

माझे कान तुम्हाला माहीत आहेत. तावदानावर टिचकी मारून मी आत चीर आहे की नाही सांगतो. तुमच्या गच्चीवरची थंड हवेची यंत्रं पूर्वी मांजरासारखी घुरघुरायची. तिसऱ्या दिवसापासून त्यांना धाप लागली. दुकानात बसून ऐकत होतो आणि, खोटं कशाला बोलू, दुपारची झोप इतकी गोड कधी लागली नव्हती.

मग तुमचे व्यवस्थापक आले. टाय, कपाळावर घाम. "हे आरसे ताबडतोब काढा!"

"का बरं? बसा ना. पाणी घ्या. गार नाही, आमच्याकडे गार काही राहत नाही."

"आमच्या इमारतीत बसवत नाही दुपारी. लोकांची डोकी दुखतात. आमची वीज आम्हाला पुरेना, बाहेरून घ्यावी लागते!"

"अरेरे. पडदे लावून बघितले?"

"लावले! तरी उकडतं!"

"हां. मग दिवा लावून बसा. आणि पंखा बंद ठेवा, शेजाऱ्याला त्रास नको."

त्याला काही कळलं नाही. त्याला कळायचं नव्हतंच. तो तरातरा नगर कार्यालयात गेला. मीही गेलो, बाकावर बसलो. तेच टेबल, तेच साहेब. त्यांनी परत सगळी पुस्तकं काढली. धूर, आवाज, सांडपाणी, कुत्रा. मग माझ्याकडे एकदा बघितलं, आणि देवाशपथ, त्या माणसाच्या मिशीत हसू होतं. "साहेब," ते व्यवस्थापकांना म्हणाले, "परत आलेलं ऊन नियमात बसत नाही. ज्याच्यावर पडलं त्याचं. हे मी पूर्वी लिहूनही दिलेलं आहे. आणि थंड छपराची तर आमचीच योजना आहे. तुमच्याच सल्लागारांची."

तुमचेच,
काचवाले


२७ मे

धाकट्या,

अखेर तुझं पत्र आलं. तुझ्या अक्षरात, हिरव्या पानाशिवाय. आठ वर्षांत पहिल्यांदा ‘प्रिय दादा’.

सगळं वाचलं. पुढच्या आठवड्यात मानांकनाची समिती येते आहे, इमारत स्वतःच्या विजेवर उन्हाळा काढू शकते हे दाखवायचं आहे, त्यावर तुझं नाव, तुझी पुढची कामं, सगळं लटकलंय. ‘फक्त चार दिवस आरसे झाकून ठेव, मग आपण बसून बोलू.’ बसून बोलायला तुला फेब्रुवारीपासून जागा होती. ताईच्या खाटेवर.

‘हरित पट्ट्याचा प्रस्ताव माझा नव्हता, मी फक्त सही केली’ असंही लिहिलंस. अरे, मारेकऱ्यापेक्षा सुरीला धार लावणारा बरा असतो का? धार लावणाऱ्यालाही माहीत असतं, समोर भाजीवाला उभा नाही.

पण सगळ्यात मजा मला या ओळीची वाटली: ‘माझी खिडकी तेवढी तू सोडलीस, ते माझ्या लक्षात आलं आहे. सगळा मजला तापतो, माझी खोली गार राहते. तुझा राग वरवरचा आहे, दादा, मला ठाऊक आहे.’

म्हणजे ती चौथ्या मजल्यावरची काळी खिडकी तुझी होय!

नीट वाच. मी कुठलीही खिडकी सोडलेली नाही. तुझी खिडकी कुठली हे मला माहीत असतं तर तिच्यावर मी दोन आरसे लावले असते. माझा राग वरवरचा नाही, तो तळापर्यंत आहे, आणि तळाला तर तो जास्त घट्ट आहे. तेव्हा दयेची भाकर माझ्या नावावर खाऊ नकोस.

आता माझं ऐक. इमारतीच्या पश्चिम अंगाला बाहेरून पट्ट्या बसतील. हरित पट्ट्याची नोटीस उतरेल, ती रद्द केल्याची दुसरी नोटीस त्याच खांबावर लागेल. गल्लीत नवी तार येईल, इस्त्री आणि पंखा एकदम चालेल अशी. हे झालं की आरसे उतरतील. त्याआधी एकही नाही; समिती येवो की समितीचे वडील येवोत.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो म्हणतात. आपली म्हातारी जिवंत आहे, हे तुझं नशीब. पण काळाला मी सोकावू देणार नाही.

काचवाला


१८ जून

धाकट्या,

हे शेवटचं पत्र. नंतर मला लिहायला कारण उरणार नाही, आणि कारणाशिवाय लिहायचं नातं आपलं राहिलेलं नाही.

समितीची दुपार मला पहारेकऱ्याने सांगितली. तोच, मला मालाचं दार दाखवणारा. आता बायकोसाठी आरसा न्यायला दुकानात येतो, चांगला गप्पिष्ट आहे. समितीतले पाहुणे वरच्या मजल्यावर चढले तेव्हा ऊनही तिथेच होतं. ते एक मजला उतरले, तर ऊन मागोमाग एक मजला उतरलं. एक बाई कोट काढून म्हणाल्या, "ही निसर्गाशी मैत्री जरा जास्तच जवळची होतेय." मग थंड हवेची यंत्रं बंद पडली. सगळे घामाघूम, आणि मालक तुझ्याकडे बघत होते. पहारेकरी म्हणाला, "साहेबांचा चेहरा बघवत नव्हता." मी त्याला तो भाग पुन्हा सांगायला लावला.

मानांकन गेलं. मग कसे सगळे नियम सुचले! पट्ट्या बसल्या, परवा शेवटची. दुसरी नोटीस त्याच खांबावर लागली. तारही आली, इस्त्रीवाल्याने पहिल्याच दिवशी दोन इस्त्र्या लावून ताईच्या दाराशी येऊन विचारलं, "पंखा फिरतोय का?" ताई म्हणाली, "फिरतोय. आता मलाच गार वाटतंय, कमी कर." तुझी पुढची कामं दुसऱ्याकडे गेली असंही ऐकलं. वाईट वाटलं असं लिहिलं तर तू विश्वास ठेवशील, म्हणून लिहीत नाही.

शब्दाप्रमाणे काल मी आरसे उतरवायला चढलो. एकेक सोडवत ताईच्या पत्र्यावर आलो. तिच्या पत्र्यावर मी सगळ्यात मोठा आरसा लावला होता. व्यायामशाळेतला, पुरुषभर उंच, एक ओरखडा नाही. तिच्या हाताची किंमत वसूल करायला तोच हवा होता.

त्याच्यावर गोणपाट होतं. चारी कोपऱ्यांना विटा. वर धुळीचा थर, पाऊस पडून सुकल्यासारखा. म्हणजे काल-परवाचं नव्हे, पहिल्या दिवसापासूनचं.

मी वरूनच ओरडलो. इस्त्रीवाला खाली मान घालून म्हणाला, "तुम्ही दुकानात गेलात आणि तिने मला वर पाठवलं. म्हणाली, थोरल्याला सांगितलंस तर तुझ्या हातचं पाणी पिणार नाही."

उतरून आत गेलो. ताई खिडकीत बसली होती, उघड्या खिडकीत, डाव्या हाताने बटण लावायचं शिकत. मी विचारलं, "गोणपाट का घातलंस?"

"कुठलं?"

"ताई!"

"समोर धाकुल्याची खिडकी आहे ना. त्याचे डोळे उन्हात गळतात."

"तुला कसं कळलं त्याची खिडकी कुठली ते?"

"बांधकाम चालू होतं तेव्हापासून बघतेय. संध्याकाळी दिवा लावून एकटाच बसतो तो. मान वाकडी करून लिहायची सवय गेली नाही अजून."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "त्याचे डोळे दिसतात तुला. आणि तुझा हात? तो कोणी घेतला? मी हे सगळं कोणासाठी केलं?"

तिने बटण खाली ठेवलं. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. "हात माझा आहे, थोरल्या. तुम्ही दोघांनी वाटून घ्यायला ती वडिलांची इस्टेट नाही. गल्लीसाठी केलंस ते चांगलं केलंस. माझ्या नावावर मांडू नकोस. आणि त्याला यातलं काही कळवायचं नाही. कळलं तर बिचारा मनाला लावून घेईल."

मी ‘बरं’ म्हणालो. तिला दिलेला शब्द मी आजवर मोडलेला नाही. आज मोडतो आहे, आणि आनंदाने मोडतो आहे. कारण तिच्या मनात ती तुला वाचवत होती, पण माझ्या लक्षात आलं की साऱ्या गल्लीतल्या आरशांनी जे झालं नाही ते त्या एका गोणपाटाने होणार आहे.

महिनाभर तुझ्या अख्ख्या इमारतीत गार अशी एकच खोली होती, तुझी. तू तिथे आरामात बसून मला लिहिलंस की माझा राग खोटा आहे. ती सावली माझी नव्हती रे. जिचा हात तुझ्या काचेने कायमचा निकामी केला, त्या बाईने तोच हात परत एकदा तुझ्या कपाळावर धरला होता. शाळेपर्यंत धरायची तसाच. आणि तू मान वळवून बघितलंही नाहीस, आत्ताही आणि तेव्हाही.

तुमच्या पट्ट्या मजबूत दिसतात. ऊन आता आमच्याकडे येणार नाही, आमचं तुमच्याकडे जाणार नाही. हिशेब फिटला असं लोक म्हणतील. मी तिच्या पत्र्यावरचं गोणपाट झटकून, घडी करून, या पत्रासोबत पाठवतो आहे. मालाच्या दाराने येईल. जड नाही. तुझ्या खिडकीला लाव, नाहीतर जपून ठेव, नाहीतर फेकून दे.

कुठेही बसलास तरी आता तिच्याच सावलीत बसशील.

तुमचे,
काचवाले